पडदा लहान झाला, आता जागल कोण करणार?

वर्धेकर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

कुठल्याही लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत नजर टाका. दोन-तीन वर्षांचं पोट्टं, समोर मोबाईल, तोंडात घास. "मोबाईल नाही दिला तर जेवतच नाही" हे वाक्य मी आर्वीत ऐकलं, हिंगणघाटात ऐकलं, देवळीतही ऐकलं. सांगणाऱ्या आईच्या आवाजात कधी कौतुक असतं, कधी हतबलता. त्यावर उपदेश करणाऱ्या पोस्ट रोज येतात आणि सगळा दोष आईवर टाकून मोकळ्या होतात.

मला हे पटत नाही. म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं. लहान मुलं पडद्यावर काय पाहतात यावर लक्ष ठेवायचं काम आधी कोण करत होतं? आणि ते एकट्या आईच्या अंगावर कधी येऊन पडलं? हा इतिहास फार जुना नाही. माझ्या वयाच्या लोकांनी तो डोळ्यांनी पाहिलाय.

एक टीव्ही, पन्नास डोळे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मुलांसाठी 'किलबिल' नावाचा कार्यक्रम असायचा. पण ती तिकडची गोष्ट. आपल्याकडे टीव्ही खऱ्या अर्थाने पोचला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं, त्याच वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, आणि पुढच्या काही वर्षांत छोट्या गावांच्या कवेलूंवर अँटेना उगवले.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आमच्या गल्लीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. पोट्टे पुढे जमिनीवर, बाया मागे, माणसं दारात.

सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. कोण कोणाच्या घरात जाऊन बसणार आणि कोण खिडकीतून पाहणार, यात जात होती, पैसाही होता. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट खरी. लेकरू जे पाहायचं त्यावर चार पहारे होते.

पहिला पहारा कार्यक्रम बनवणाऱ्याचा. तो दूरदर्शनचा माणूस होता, त्याच्या वर अधिकारी होता, तक्रारीचं पत्र टाकायला पत्ता होता. दुसरा पहारा वेळेचा. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा आणि ठरलेल्या वेळी संपायचा. तिसरा पहारा म्हणजे पडदा एकच होता, त्यामुळे लपून काही पाहता येत नव्हतं. आणि चौथा, सगळ्यात मोठा, खोलीतल्या मोठ्या माणसांचा. भीतीदायक काही आलं की आजी लेकराला कुशीत ओढायची. आवडलं नाही तर कोणीतरी उठून बटण बंद करायचं.

यातला एकही पहारा मुद्दाम मुलांच्या सुरक्षेसाठी उभा केलेला नव्हता. गरिबी, टंचाई आणि सरकारी मक्तेदारी यातून ते आपोआप तयार झाले होते. म्हणूनच ते गेले तेव्हा आपल्या लक्षातही आलं नाही.

शक्तिमान आणि केबलवाला

पहिला मोठा धक्का बसला 'शक्तिमान'च्या वेळी. मालिका सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ ला. थोड्याच काळात देशाच्या वेगवेगळ्या भागांतून बातम्या यायला लागल्या, की शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी उंचावरून उड्या घेतल्या, स्वतःला इजा करून घेतली. त्यातल्या किती घटनांना खरंच मालिका कारण होती यावर तेव्हाही वाद झाला, आणि मुकेश खन्नांनी हे आरोप मान्य केले नाहीत. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. खन्ना स्वतः पडद्यावर आले आणि मुलांना सांगायला लागले की माझी नक्कल करू नका. मालिकेच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' मधून तो मुलांशी बोलायचा, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल.

म्हणजे बोट दाखवायला समोर एक माणूस होता. प्रश्न विचारला की उत्तर द्यायला त्याला यावं लागलं.

तोवर केबल आलं होतं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी चॅनल घरात शिरले. मग सरकारने १९९४ ला केबलचे नियम केले, १९९५ ला कायदा केला. त्या नियमांत एक ओळ आहे: मुलं जास्तीत जास्त संख्येने टीव्हीसमोर असतात त्या वेळी मुलांना अयोग्य असलेला कार्यक्रम दाखवू नये. पालन किती झालं हा वेगळा विषय. पण नियम होता. शिवाय आपला केबलवाला आपल्याच गावचा होता. रात्री भलतंसलतं लावलं तर सकाळी चौकात त्याला धरून विचारणारे लोक होते.

पडदा खिशात गेला

यूट्यूब सुरू झालं २००५ ला. पुढच्या वर्षी गूगलने ते विकत घेतलं. आपल्या खेड्यात मात्र ते दहा वर्षं पोचलं नाही, कारण नेट महाग होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. दिवस कोणता, तर शिक्षक दिन. त्यानंतर काय झालं ते 'असर'च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत दिसतं. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचं प्रमाण २०१८ ला ३६.५ टक्के होतं. २०२१ ला ते ६७.६ टक्के झालं. तीन वर्षांत जवळपास दुप्पट.

मधे कोरोना होता. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि जो फोन आपण मुलांच्या हातून ओढून घेत होतो, तोच शाळेच्या सांगण्यावरून त्यांच्या हातात द्यावा लागला. जुलै २०२० च्या केंद्राच्या सूचना सांगत होत्या की शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांच्या वर नको. घड्याळ लावून कोण बसणार होतं?

त्याच जुलैमध्ये महाराष्ट्रात एक चांगली गोष्टही झाली, आणि आज तिची आठवण कोणी काढत नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती बनवली. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन आईबाबांसोबत शिकायचं, अशी तिची रचना होती. ठरलेली वेळ, ठरलेला शेवट, सोबत मोठं माणूस. जुने पहारे त्यात परत आले होते. मात्र मुलांच्या हातातल्या फोनमध्ये वेगळंच सुरू होतं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. पोकळी भरायला जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' जगात सगळ्यात आधी भारतात आणून पाहिले. आपली मुलं त्या प्रयोगाच्या पहिल्या प्रेक्षकांत होती.

शॉर्ट्समध्ये काय बदललं? शेवट गेला. जुन्या कार्यक्रमाची पाटी लागायची आणि लेकरू उठायचं. इथे एक संपायच्या आत बोट दुसऱ्यावर जातं. पाच वर्षांच्या मुलाला "थांब" म्हणणारं आत काहीच नाही.

यंत्र कोणाचं ऐकतं?

२०१७ च्या नोव्हेंबरात जेम्स ब्रायडल नावाच्या ब्रिटिश लेखकाने एक लेख लिहिला आणि जगभर खळबळ उडाली. त्याने दाखवून दिलं की यूट्यूबवर मुलांच्या आवडत्या कार्टूनच्या नावाने, पेपा पिग, स्पायडरमॅन, एल्सा अशी पात्रं घेऊन, ढिगाने व्हिडिओ टाकले जातायत आणि त्यात मारहाण, इंजेक्शनं, भीती, किळस भरलेली आहे. वरचं चित्र पाहून कोणत्याही आईला ते साधं कार्टूनच वाटेल. या प्रकाराला 'एल्सागेट' असं नाव पडलं. नंतर यूट्यूबने असे बरेच चॅनल काढून टाकले.

हे मुळात आत आलं कसं? कारण पुढचा व्हिडिओ कोणता लावायचा हे माणूस ठरवत नाही, यंत्र ठरवतं. जे जास्त वेळ पाहिलं जातं ते यंत्र पुढे ढकलतं. आणि लहान मुलं एकच गोष्ट शंभरदा पाहतात, हे कोणत्याही आजीला माहीत आहे. नोव्हेंबर २०२० ला यूट्यूबवर जगात सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ कोणता ठरला? 'बेबी शार्क'. लेकरांचं गाणं. लहान मूल हा या धंद्यातला सगळ्यात इमानदार गिऱ्हाईक आहे. त्यामुळे त्याच्यासमोर माल मांडणाऱ्यांची गर्दी होणारच, चांगल्यांची आणि वाईटांचीही.

दुसरी बाजू जाहिरातीची. सप्टेंबर २०१९ ला अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. आरोप असा, की आईबापांना न विचारता लहान मुलांची माहिती गोळा करून तिच्या आधारे जाहिराती दाखवल्या. त्यानंतर जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी बनवलेला' असा शिक्का आला. तो शिक्का असलेल्या व्हिडिओखाली कमेंट बंद, आणि पाहणाऱ्याच्या सवयी हेरून दाखवलेल्या जाहिरातीही बंद. पण शिक्का मुख्यतः व्हिडिओ टाकणाऱ्यानेच लावायचा. आणि व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय, एवढंच तो सांगतो. चांगला आहे असं सांगत नाही.

आपला कायदा काय म्हणतो? सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. केबलला १९९४ चे नियम आहेत. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या सिनेमा-मालिकांना वयाची वर्गवारी आणि १३ वर्षांपुढच्या वर्गाला कुलपाची सोय बंधनकारक केली. मात्र कोणीही फोनवर शूट करून यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओला अशी कोणतीही वर्गवारी लागत नाही, आणि आपली मुलं सगळ्यात जास्त तेच पाहतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांचा माग काढू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले. कायदा चांगला आहे. पण तो मुलाच्या माहितीला जपतो. समोर कोणतं चित्र येईल, यावर तो पहारा देत नाही.

मधल्या काळात आपण घाबरलो ते भलत्याच गोष्टीला. २०१७ ला 'ब्ल्यू व्हेल'च्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. आमच्या धंद्यातल्या लोकांनी मथळ्यांवर मथळे लावले. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि २०१८ च्या सुरुवातीला संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांत त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. राक्षस शोधायला आपण सगळे धावलो. रोज दोन-तीन तास शांतपणे गोष्टी दाखवत बसणाऱ्या यंत्राची मात्र बातमी होत नाही.

दोन गावांचे दोन ठराव

यावर महाराष्ट्रात दोन गावांनी काहीतरी करून पाहिलं. दोन्ही २०२२ ची गोष्ट.

पहिलं सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. ऑनलाइन शाळेनंतर पोट्टे फोन सोडेनात आणि अभ्यासाला बसेनात, ही तिथली तक्रार. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला. १४ ऑगस्टला महिलांची सभा झाली. १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजायला लागला. सात ते साडेआठ टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते.

दुसरं आपल्या शेजारचं. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. त्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ ला ठराव केला: १८ वर्षांखालच्यांना मोबाईल बंदी, मोडली तर दंड.

दोन्ही गावांना माझा सलाम, कारण बाकीचे नुसते बोलत होते. पण दोन्ही ठरावांत फरक आहे, तो लक्षात घ्या. बांशीचा नियम मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा सगळ्यांसाठी होता, बापासाठीही आणि मालिका पाहणाऱ्या आजीसाठीही. बाप खाटेवर पडून रील्स पाहतोय आणि पोराला म्हणतोय अभ्यास कर, असा नियम कुठल्या घरात टिकेल? वडगावने फोन दीड तास बाजूला ठेवून त्या वेळात मोठी माणसं खोलीत परत आणली. चौथा पहारा, आजीचा, तो परत उभा केला.

आपल्याकडे काय करता येईल?

सेवाग्राम आश्रमात गेलात तर तिथे एक टेलिफोन दाखवतात. व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. फोन दफ्तराच्या कुटीत ठेवलेला. ज्याला बोलायचं त्याने उठून तिथे जायचं. फोनला एक जागा असणं, एवढी साधी गोष्ट आपण घरात करू शकतो.

आणखी काही गोष्टी, मी बालरोगतज्ज्ञांकडून, अंगणवाडी सेविकांकडून आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोरांकडून गोळा केलेल्या:

१. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही सोबत बसून. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला हाच आहे. लेकरू बोलणं शिकतं ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून.

२. दाखवायचंच तर मोबाईलपेक्षा टीव्हीवर दाखवा. हेडफोन नको. स्वयंपाकघरात आवाज आला पाहिजे.

३. 'यूट्यूब किड्स' वेगळं ॲप आहे. त्यात 'फक्त मंजूर केलेले' व्हिडिओ दाखवण्याची सोय आहे, शोध बंद करता येतो, वेळ लावता येते. साध्या यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याचं बटण बंद करा. किड्सवर सोडून आपण निघून गेलो तर मात्र उपयोग कमी. यंत्राची चाळणी तिथेही चुकते.

४. चार चांगले व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा आणि नेट बंद करून फोन द्या. पहायची हिस्ट्री आठवड्यातून एकदा तपासा.

५. लेकरू घाबरून उठलं, काही विचित्र बोललं तर रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते सांगणार नाही. कोणी फोनवरून मुलाशी वाईट वागत असेल, फोटो मागत असेल तर १९३० वर तक्रार करा. मुलांच्या मदतीचा नंबर १०९८.

पण ही यादी कोणासाठी आहे? ज्या घरात मोठं माणूस जागेवर आहे त्या घरासाठी. ऐन हंगामात कापूस वेचायला सकाळी गेलेली बाई अंधार पडता पडता येते. घरी म्हातारी सासू, तीन वर्षांचं लेकरू आणि एक फोन. त्या बाईला मी हिस्ट्री तपास म्हणून सांगू? तिच्यासाठी तो फोन म्हणजे पाळणाघर आहे, कारण गावात दुसरं पाळणाघर नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू करता येतं. आपल्या किती ग्रामपंचायतींनी त्याचा पाठपुरावा केला? हा प्रश्न मी बातमीदार म्हणून विचारतोच आहे. तुम्ही गावकरी म्हणूनही विचारा.

रानडुकरं शिरतात म्हणून आपण वावरात जागल करतो. ती एकट्याने होत नाही. पाळ्या लावाव्या लागतात, शेजाऱ्याला हाक द्यावी लागते. पन्नास वर्षांचा इतिहास मला एवढंच सांगतो की पडद्यासमोरच्या लेकराची जागलही कधी एकट्या आईने केली नव्हती. दूरदर्शनचा माणूस, केबलवाला, शेजारचा काका, खोलीतली आजी, सगळ्यांची पाळी होती. आज सगळ्यांनी पाळी सोडली आणि ती एकटी उभी आहे. वरून तिलाच बोलणी.

येत्या ग्रामसभेसाठी सरपंचांना दोन ओळींचा अर्ज द्या. विषय: संध्याकाळी दीड तास सगळ्या गावाचे मोबाईल-टीव्ही बंद, आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघर. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या वॉर्डात, आपल्या अपार्टमेंटच्या बैठकीत पहिला विषय घ्यावा. वर्धा जिल्ह्यात कोणत्या गावाने असं काही आधीच सुरू केलं असेल तर मला कळवा. मी येतो, पाहतो आणि लिहितो.